ज्यूरी आत असताना

"मिसेस प्रूट, तुम्ही इथे बसून राहू नका," वकीलबाई म्हणाल्या. "ज्यूरी आत गेलीय. तासाभरात बाहेर येईल, नाहीतर संध्याकाळही होईल, कुणी सांगावं? तुम्ही गावात जरा फिरून या. छोटंसं, छान गाव आहे. मी फोन करते."

ओडेसा प्रूटने मान हलवली, पण उठली नाही. कोर्टाच्या त्या व्हरांड्यात दोनच बाक होते, समोरासमोर. आणि समोरच्या बाकावर लेम्युएल गेन्स बसला होता. मेलेल्या मुलाचा बाप. काळा सूट, मांडीवर टोपी, नजर जमिनीवरच्या फरशीत रुतलेली.

मिस हॅडली तिच्या कानाशी वाकल्या. वकीलबाई वयाने ओडेसाच्या मुलीसारख्या, सरकारने नेमून दिलेल्या, पण बोलायला खमक्या. "आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. निकाल लागेपर्यंत नाही. कुणी पाहिलं तर उगाच नसते अर्थ निघतील."

"मी कुठे बोलतेय?"

"बोलत नाही, पण बघताय. तेही नको. जा बरं."

तेव्हा ती उठली. निळा रविवारचा पोशाख सारखा केला, हॅट डोक्यावर घट्ट बसवली आणि दगडी पायऱ्या उतरून वेनफर्ड गावात आली.

वेनफर्ड तिचं नव्हतं. गेन्सचंही नव्हतं. दोघंही जॉर्जियाच्या पार दुसऱ्या टोकाचे, एकाच तालुक्यातले. तिथे खटला चालवायची सोय राहिली नव्हती, कारण पेट्रोल पंपावरच्या दुकानात भरदिवसा मारला गेलेला जूलियन गेन्स तिथे सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि मारणारेही. म्हणून न्यायाधीशांनी खटला उचलून इथे आणला, जिथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. गोळी झाडणाऱ्या ब्राइसने गुन्हा कबूल केला होता आणि त्याला जन्मठेप झाली होती. ओडेसाचा मुलगा टेरॉन बाहेर गाडीत बसून होता. इंजिन चालू ठेवून. पण इथला कायदा असा की लुटायला गेलेल्यांपैकी एकाने जीव घेतला तर तो सगळ्यांनीच घेतला. टेरॉनचं म्हणणं, ब्राइस सिगरेट आणायला जातोय एवढंच मला माहीत होतं. लुटायचं ठरलंय हे ठाऊक नव्हतं, खिशात पिस्तूल आहे हे तर नव्हतंच.

ज्यूरीला एवढंच ठरवायचं होतं. त्याला माहीत होतं की नव्हतं.

सप्टेंबर लागला तरी ऊन कमी झालं नव्हतं. कोर्टाभोवतीच्या चौकात दुकानांच्या रांगा, वर पत्र्याच्या पडव्या, पडव्यांखाली विकायला मांडलेल्या झुलत्या खुर्च्या. ओडेसाने सगळी उमर शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. कामाच्या वारी सकाळी दहा वाजता हात हलवत रस्त्याने चालायची तिला सवयच नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"मॉर्निंग, मॅडम! आज तापणार बघा," न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसलेला म्हातारा म्हणाला.

"तापणारच," ती म्हणाली.

"तुम्ही चाला निवांत. सावलीसावलीने जा. आमच्याकडे घाई नसते कुणाला."

घाई नव्हती खरी. बायका काचेतून हात करत होत्या, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध आडवं पडलं होतं आणि गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या. ओडेसाला वाटलं, कुणाची तरी कॉलर धरून ओरडावं, अरे, तुमच्यातलीच बारा माणसं त्या वरच्या खोलीत बसून माझ्या पोराचा फैसला करताहेत, आणि तुम्ही उन्हाच्या गप्पा काय मारता? पण ती सावलीसावलीने चालत राहिली.

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ती फक्त गार हवेसाठी शिरली. दुकानदारीण गोरी, गुबगुबीत, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला.

"या या, बघा हवं तेवढा वेळ. काय, फिरायला आलात वाटतं?"

"हो. फिरायला."

"चांगलं केलंत. काही खास हवंय? हा चहाचा सेट बघा. एकही कप फुटलेला नाही. कुणाला द्यायचाय का?"

ओडेसाच्या हातात कप होता. तो खाली ठेवता ठेवता तिने काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मुलाला."

"अय्या! लग्न ठरलंय?"

"अजून ठरलं नाही," ओडेसा म्हणाली. "आज ठरेल."

"मग होईल सगळं चांगलं. मन सांगतंय माझं," असं म्हणून त्या बाईने तिच्या दंडावर थोपटलं. ओडेसा बशी आणि कप एकमेकांवर वाजणार नाहीत अशा बेताने ठेवून बाहेर आली. भिंतीला हात टेकून जरा उभी राहिली. वर बघितलं तर समोरच्या पडवीखाली लेम्युएल गेन्स उभा होता.

तोही हाकलला गेला असणार. त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार, छान गाव आहे, फिरून या.

ती डावीकडच्या गल्लीत वळली. गल्ली नदीकडे जात होती. नदीकाठी एक पायवाट होती, वाटेवर बाक, आणि पायवाटेच्या दुसऱ्या तोंडाने गेन्स येत होता. दोघं थबकले. तो पाठ फिरवून गेला. ती थोडं थांबून चर्चच्या रस्त्याने वर आली, तर ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर पुन्हा तोच. या वेळी त्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि तिच्याकडे न बघता, जणू त्या ग्रंथालयाला उद्देशून म्हणाला, "या गावात रस्ते तरी आहेत किती?"

तिच्या घशाशी हसू आलं. भलतंच, वेड्यासारखं हसू. तिने तोंडावर रुमाल दाबला आणि दुसरी वाट धरली.

खरं तर तिला त्याच्याशी बोलायचं होतं. काल मिस हॅडलींनी सगळं समजावून सांगितलं होतं. दोषी ठरला तर जन्मठेप पक्की, त्यात न्यायाधीशांचाही इलाज नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट. कधीतरी, म्हातारपणी का होईना, सुटकेचा अर्ज करता येईल अशी जन्मठेप द्यायची, की मरेपर्यंत दार बंद. आणि ते ठरवण्याआधी न्यायाधीश मेलेल्याच्या घरच्यांना विचारतात. म्हणजे त्या माणसाला विचारणार. काल रात्रभर ओडेसा मोटेलच्या छताकडे बघत त्याच्याशी बोलत होती. मिस्टर गेन्स, मी तुमच्या पाया पडते. मिस्टर गेन्स, माझं ऐकून तरी घ्या. दिवस उजाडेपर्यंत एकही वाक्य धड जमलं नव्हतं. आणि आज हे गाव त्याला पुन्हा पुन्हा तिच्यापुढे आणून उभं करत होतं.

चालता चालता दुकानं संपली आणि काळ्या लोकांची वस्ती सुरू झाली. विटांचं जुनं चर्च, अंगणात भलामोठा ओक, ओकखाली लांबच लांब मेजं मांडलेली. फाटकात एक हडकुळी म्हातारी एप्रन लावून उभी होती. ओडेसाला बघताच तिने दोन्ही हात पसरले.

"आलात! म्हटलंच मी, शुक्रवारपासूनच लोक यायला लागतील. ये गं सिस्टर, आत ये. मी यूला. सगळे मिस यूला म्हणतात."

रविवारी त्या चर्चचा वार्षिक मेळावा होता. गाव सोडून गेलेली माणसं दरवर्षी त्या दिवशी परत येत. शुक्रवारी भर दुपारी रविवारचे कपडे घातलेली परकी बाई दिसल्यावर मिस यूलाने दुसरा कसलाच विचार केला नाही. आणि तिची नजर ओडेसाच्या खांद्यावरून मागे गेली.

"आणि हे मिस्टर! अहो ब्रदर, मागे काय राहिलात? वाटेत भांडलात होय दोघं?"

ओडेसाने वळून पाहिलं. गेन्स रस्त्यावर उभा होता, पाय पुढेही टाकता येईना, मागेही. मिस यूला तुरुतुरु चालत गेली आणि तिने त्याचा दंड धरला. "आमच्या वडिलांचंही असंच होतं हो. बायको पुढे, हे वीस पावलं मागे. चला, पानं तयार आहेत. आज आमची रंगीत तालीम. स्वयंपाक जमलाय का ते सांगायला कुणीतरी हवंच होतं."

तो तिचा हात झिडकारू शकला असता. पण चर्चच्या दारातल्या म्हातारीचा हात झिडकारायची शिकवण त्यालाही नव्हती आणि ओडेसालाही. आणि त्याने सकाळपासून काही खाल्लं नसावं, त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. दोघं एकाच मेजाशी समोरासमोर बसले. तळलेलं चिकन आलं, भेंडी आली, वालाची उसळ, मक्याचा ब्रेड, बर्फ घातलेला गोड चहा. म्हातारी मेजाच्या टोकाशी बसली.

"ब्रदर, प्रार्थना तुम्ही म्हणा."

गेन्सने डोळे मिटले. आवाज खर्जातला होता, सवयीचा. "हे प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या हातांनी ते रांधलं त्यांच्यावर कृपा कर. आणि घरी जे आमची वाट बघतात त्यांना..." तिथे तो अडकला. वर ओकमध्ये किडे किरकिरत होते. तो पुन्हा म्हणाला, "आणि घरी जे," आणि पुढे जाईना. शेवटी ओडेसानेच हळू आवाजात "आमेन" म्हटलं.

"आमेन," मिस यूला म्हणाली. "घ्या, सुरू करा. मुलं किती तुम्हाला?"

"एक," गेन्स म्हणाला.

"एकच? काय करतो?"

"विमानं दुरुस्त करायला शिकत होता." त्याने काटा उचलला आणि परत ठेवला. "दिवसा शिकायचा. दुपारी दुकानात गल्ल्यावर."

"शिकत होता? मग सोडलं का?"

त्याने चहाचा पेला तोंडाला लावला. म्हातारी ओडेसाकडे वळली. "तू सांग बाई. पुरुषांच्या तोंडून एक शब्द सुटेल तर शपथ."

ओडेसाला वाटलं, उठावं आणि चालू पडावं. पण तिने हातातला ब्रेड खाली ठेवला. "मिस यूला," ती म्हणाली, "हे माझे मालक नव्हेत. यांचा मुलगा मारला गेला. ज्याने मारला त्याच्या गाडीत माझा मुलगा बसला होता. तुमच्या कोर्टात खटला आहे. ज्यूरी आत गेलीय, म्हणून आम्हाला बाहेर फिरायला पाठवलंय."

मिस यूलाचा हात भेंडीच्या वाडग्यावर तसाच राहिला. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "जेवा," ती पुटपुटली. "जेवून घ्या हं." आणि एप्रनचं टोक हातात गोळा करत ती स्वयंपाकघराकडे निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही. दाराच्या जाळीआड दोन-तीन बायकांची डोकी तेवढी दिसली आणि दिसेनाशी झाली.

आता मेजाशी दोघंच राहिले.

"मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही," ओडेसा म्हणाली.

"मलाही नाही."

"मिस्टर गेन्स, मी तुमच्याकडे माफी मागत नाही. ती मागायला मला तोंड नाही. पण तो दोषी ठरला तर न्यायाधीश तुम्हाला विचारतील. तेव्हा एवढंच म्हणा, त्याच्यासाठी दार अगदीच बंद करू नका. वर्षं कितीही घ्या. बावीस वर्षांचं पोर आहे हो. कधीतरी, मी नसेन तेव्हा का होईना, त्याने एकदा उघड्या रस्त्याने चालावं. एवढंच. मी तुमच्या दारात झाडू मारीन. जन्मभर मारीन."

"माझ्या दारात झाडू मारायला जूलियन होता," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले. तरी बोलणं थांबेना. "मला तुमच्याकडून दुसरं काही नको. फक्त एवढं एक वाक्य."

"तुम्हाला वाक्य हवंय." त्याने ताट बाजूला सरकवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते, कडा लाल झालेल्या. "मग मलाही एक द्या. आठ दिवस मी त्या बाकावर बसून हे एकच विचारायला झुरतोय. ते पिस्तूल तुमच्या घरातलं. तुमच्या वारलेल्या मालकांचं, कपाटातल्या खणातलं. तुम्ही कोर्टात सांगितलंत की खण रिकामा होता. तुमच्या वकीलबाईंनी विचारलं, ब्राइसने नेलं असेल का? तुम्ही म्हणालात, तो घरात येऊन जाऊन असायचा. मग मला सांगा. त्या दिवशी आला होता का?"

ब्राइस त्या दिवशी आला नव्हता. त्या आठवड्यातच आला नव्हता. आदल्या रात्री तिने खण उघडला तेव्हा पिस्तूल जागेवर होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेरिफची माणसं दारात आली तेव्हा नव्हतं. मधल्या वेळात घरात ती होती आणि टेरॉन. दुसरं कुणी नाही. कोर्टात हे कुणी सरळ विचारलं नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं तिने खरं उत्तर दिलं आणि पुढचं गिळून टाकलं. खटल्याचे आठही दिवस ते तिच्या घशात अडकून होतं. कोर्टात टेरॉन तिच्याकडे का बघत नाही हे बाकीच्यांना कळत नव्हतं. तिला कळत होतं.

तिने तोंड उघडलं. हो, आला होता. तीन शब्द. जिभेवर आले होते. इथे तिला खोटं ठरवायला कुणीच नव्हतं, आणि त्या तीन शब्दांवर कदाचित तिच्या पोराचं म्हातारपण अवलंबून होतं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मेजावर पालथे पडले होते.

ती गप्प राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा, पर्समध्ये. आणि त्याच क्षणी त्याचाही, कोटाच्या खिशात.

दोघंही लगेच उचलेनात. मग तिने उचलला. "मिसेस प्रूट, या," मिस हॅडली म्हणाल्या. एवढंच.

गेन्स उभा राहिला. टोपी घातली. "कळलं मला," तो म्हणाला. फोनबद्दल म्हणाला की दुसऱ्या कशाबद्दल, हे तिला विचारावं लागलं नाही.

कोर्टाकडे जाणारा रस्ता एकच होता. तो पुढे, ती मागे. नवे बूट टाचेला कापत होते आणि ती जवळजवळ धावत होती. चौकाच्या तोंडाशी ती त्याच्या मागोमाग पोचली आणि लाकडं भरलेला एक ट्रक जोरात वळला. गेन्सने न बघताच हात आडवा धरला आणि तिला मागे रोखलं, आपण लहान मुलाला रोखतो तसं. ट्रक गेला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि रस्ता ओलांडला.

कोर्टात टेरॉनला उभं केलं होतं. सूट मिस हॅडलींनी कुठूनतरी मिळवलेला, खांद्यात मोठा. ज्यूरीतली माणसं आत आली. त्यांच्यातल्या एकानेही टेरॉनकडे पाहिलं नाही, आणि ओडेसाला तेव्हाच समजलं. ज्यूरीच्या प्रमुख बाईने वाचून दाखवलं. दोषी. पुढच्या कलमाखालीही दोषी. त्याच्याही पुढच्या. ओडेसाला वाटत होतं की ती ओरडेल. पण तिच्या तोंडून फक्त श्वास बाहेर पडला, आणि तो बराच वेळ परत आत येईना.

न्यायाधीश म्हणाले, शिक्षा आजच सुनावू, दोन्ही घरची माणसं लांबून आली आहेत. मिस्टर गेन्स, तुम्हाला काही बोलायचं आहे?

गेन्स उठून पुढे गेला. लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"जूलियनची त्या दिवशी पाळी नव्हती," तो म्हणाला. "दुसऱ्या पोराला बरं नव्हतं म्हणून हा गेला. मला विचारलं, बाबा, जाऊ का? मी म्हटलं, जा, माणसाने अडल्यानडल्याला उपयोगी पडावं. मी म्हटलं." सरकारी वकील खुर्चीत पुढे सरकले. त्यांची अपेक्षा काय होती ते सगळ्यांना माहीत होतं. गेन्सने मान वळवून ओडेसाकडे पाहिलं. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली. आता तो सांगणार. मेजावरचं सगळं सांगणार.

"मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण ती सांगून माझा मुलगा येणार नाही. साहेब, मी तुमच्याकडे काही मागत नाही. जास्त नको, कमीही नको. या पोरासाठी दया मागायला माझ्यात ताकद नाही, आणि त्याला गाडून टाका म्हणायलाही नाही. तुमचं काम तुम्ही करा. मला घरी जायचंय."

न्यायाधीशांनी कागद चाळले, चष्मा काढला, परत लावला. जन्मठेप. तीस वर्षांनी सुटकेचा अर्ज करता येईल.

मिस हॅडलींनी तिचा हात गच्च दाबला. "मिळालं," त्या कुजबुजल्या. "मिसेस प्रूट, दार उघडं राहिलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओडेसाने मनात आकडे मांडले. तो बावन्न वर्षांचा होईल. स्वतःचं वय ती मांडायला लागली आणि मध्येच सोडून दिलं. पोलीस टेरॉनला बाजूच्या दाराने नेत होते. दाराशी त्याने मागे वळून पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्या नजरेत राग नव्हता. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असा बघायचा, आईला कळलंय का ते चाचपत. मग दार लागलं.

गेन्स कधी गेला ते तिला कळलं नाही. ती पायऱ्यांवर आली तेव्हा त्याची गाडी चौकातून निघाली होती आणि रस्त्यात आडव्या पडलेल्या कुत्र्याला वळसा घालत होती.

"आजची रात्र त्याला इथल्याच तुरुंगात ठेवतील," मिस हॅडली म्हणाल्या. "उद्या सकाळी दहा मिनिटं भेटू देतील, मी बोलून ठेवलंय. नंतर कुठे हलवतील ते सांगता येत नाही. तुम्ही मोटेलवर जा. झोपा जरा. प्लीज."

"जाते," ओडेसा म्हणाली.

पण ती गेली नाही. तुरुंग कोर्टाच्या मागेच होता, पिवळ्या विटांची दुमजली इमारत, चारी बाजूंनी फुटपाथ. वरच्या मजल्यावर हाताएवढ्या अरुंद खिडक्यांची रांग. कुठली त्याची, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. ती इमारतीभोवती चालायला लागली. एक बाजू, दुसरी बाजू, कचऱ्याचे डबे, कुंपण, पुन्हा पुढचं दार. टाचेचं कातडं सोललं तेव्हा तिने बूट काढून हातात घेतले. पत्र्याच्या पडव्यांवरून ऊन उतरलं. दुकानांची दारं लागली. घरी जाणाऱ्या लोकांनी तिला हात केला आणि तिनेही केला.

बऱ्याच फेऱ्यांनंतर एक तरुण शिपाई बाहेर आला. "मॅडम, इथे थांबता येणार नाही."

"मी थांबले नाहीये, बाळा. चालतेय."

त्याने तिच्या हातातले बूट बघितले, पाय बघितले. मान खाजवली. "पाणी आणू का?" शेवटी त्याने विचारलं.

वरच्या खिडक्यांमध्ये एकदम सगळे दिवे लागले होते. ती मान वर करून चालत राहिली, पहिल्या खिडकीपासून शेवटच्यापर्यंत एकेका खिडकीकडे बघत, आणि कोपरा आला की वळून दुसऱ्या बाजूच्या.